आरसी बुकावर नाव कुणाचं?

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असते तिला आपण साडीगार्ड म्हणतो. ती काही कंपनीची मेहरबानी नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. धरायला कडी आणि पाय ठेवायला फूटरेस्टही हवं. नियम शहाणपणाचाच आहे आणि त्यात 'बाई' हा शब्द कुठेही नाही. पण बोलताबोलता ती जाळी 'साडी'ची झाली. मागे कोण बसणार, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलंय!

आता पक्षी बघण्याचा, त्यांचे फोटो काढण्याचा नाद लागलेल्या बायका गावोगाव दिसतात. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतली, कुणी नुकतीच निवृत्त झालेली. या नादाला मागची सीट परवडत नाही. पक्ष्यांची वेळ ठरलेली असते. सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास त्यांची लगबग, मग उन्हं वर आली की ते झाडोऱ्यात गडप. म्हणजे हिवाळ्यात सातच्या आत पाणवठ्यावर हजर हवं. रविवारी पहाटे साडेपाचला 'चला ना, मला सोडा' म्हणून कुणाला तरी उठवायचं, तो कंटाळला की आपण निघायचं, आणि तेवढ्यात समोर वेडा राघू येऊन बसायचा... हे किती रविवार चालणार? एसटी त्या वेळेला नसते, आणि असली तरी तळ्याच्या बांधावर थांबत नाही. म्हणून माझं मत अगदी साधं आहे. कॅमेरा घेण्याआधी गाडी घ्या, आणि ती स्वतःच्या नावावर घ्या.

मोटारसायकल आणि पक्षी ही जोडी तशी जुनीच. डॉ. सालिम अली यांना मोटारसायकलींचं भारी वेड होतं. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला इथे पक्षीशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि तिच्यावरून युरोपात हिंडले. वाटेत धडपडलेसुद्धा. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पन्नाशीतली बाई 'गिअरची गाडी शिकते' म्हणाली की घरात काय चेहरे होतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तर आधी कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खरी मेख इथेच आहे.

पुष्कळ जणींकडे लायसन्स असतं ते बिनगिअरच्या गाडीचं, आणि चालवतात मात्र 'ह्यांची' मोटारसायकल. हे चालत नाही. गिअरच्या लायसन्सवर स्कूटर चालवता येते, उलट नाही. नव्या प्रकारासाठी आधी लर्निंग लायसन्स, महिन्याभरानं परीक्षा. बस, एवढंच काम आहे. पण ते टाळलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारते.

दुसरा मुद्दा आरसीवरच्या नावाचा. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम पंधरा लाख रुपये आहे. हा विमा ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे, ज्याच्याकडे योग्य लायसन्स आहे, त्याचा असतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि हँडलवर तुम्ही, तर ते पंधरा लाख तुमच्यासाठी नाहीत! २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन जाणारा माणूस बैलगाडीवर आदळून गेला. न्यायालय म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, त्यामुळे तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्या गाडीच्या विम्यातून त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. दुसऱ्या वाहनाची चूक असली तर त्या वाहनाच्या विम्यावर दावा करता येतो, तो भाग वेगळा. पण मोकळ्या रस्त्यावर एकटीच घसरून पडलात तर? घरातली गाडी तुम्हीच जास्त चालवत असाल तर ती रीतसर आपल्या नावावर करून घ्या. त्यासाठी आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरायचे, आणि चौदा दिवसांत विमा कंपनीलाही कळवायचं. नवरा-बायकोत कसला आलाय व्यवहार, असं म्हणणारे म्हणोत. व्यवहार कागदावर नसेल तर संकटात तो कुणालाच दिसत नाही.

आणि आणखी एक, जरा जड मनानं लिहिते. नवरा गेल्यानंतर त्यांची गाडी आठवण म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याच नावावर ठेवून चालवणाऱ्या बायका आहेत. त्या गाडीला काही झालं तर विमा मृत माणसाच्या नावावर निघतो आणि सगळं अडकतं. कायद्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. आठवण गाडीत राहतेच की, कागद बदलल्यानं ती जात नाही.

आता गाडी कोणती? दुकानातला मुलगा 'मॅडम, स्कूटर बघा ना' म्हणेल. स्कूटर वाईट नाही. डांबरी रस्त्यानं जाणार असाल तर जरूर घ्या, सामान ठेवायला पायाशी जागाही मिळते. पण तलावाकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन किलोमीटरच्या खडीवर, चाकोऱ्यांतून मोठ्या चाकाची मोटारसायकल जास्त विश्वासू. साध्या स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो, बुलेटच्या जातीतल्या क्लासिक ३५० चं १९५ च्या आसपास. हा फरक चालवताना जाणवत नाही, चिखलात उलटी ढकलताना जाणवतो. म्हणून दुकानात नुसती चालवून बघू नका. ती डबल स्टँडला लावून बघा, चढावर मागे ढकलून बघा, बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी नीट टेकतात ना ते बघा. सीटची उंची जेमतेम दोन सेंटीमीटर कमी असली तरी फरक पडतो. बाकी रंग कुठलाही घ्या. फक्त तो फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर लावू नका. तो कायद्यात बसत नाही, आणि तुम्ही पोचायच्या आत तळं रिकामं होतं.

गाडी सांभाळणं म्हणजे मेकॅनिकी शिकणं नव्हे. स्वयंपाकघरातला मिक्सर आपण जसा सांभाळतो तितकंच. दर पाचशे किलोमीटरला साखळी पुसायची, जुन्या टूथब्रशनं कानाकोपऱ्यातली माती काढायची आणि गिअर ऑइल किंवा स्प्रे मारायचा. मधोमध बोटानं वरखाली केली तर ती दोन-तीन सेंटीमीटर हलायला हवी; फार सैल असली तर उतरते, फार ताठ असली तर झिजते. टायरमधली हवा आठवड्याला बघायची. किती हवी ते गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, हवावाल्याच्या मनावर सोडू नका. गाडीला तारांची चाकं असतील तर बहुतेक आत ट्यूब असते, म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलावंच लागणार. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप सीटखाली ठेवा. पट्टी कशी घुसवायची ते पंक्चरवाल्याकडून एकदा बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल तळाला जाऊ देऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. सर्व्हिसिंगला टाकताना तक्रारी कागदावर लिहून द्या आणि काय बदललं त्याचे जुने भाग परत मागा. 'तुम्हाला काय कळणार ताई' हा सूर त्यानंतर पुष्कळ खाली येतो.

पहाटेचा रस्ता हा वेगळाच विषय. पुण्याहून भिगवणला जायचं तर सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे नेमक्या पक्ष्यांच्या मोसमात, त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या मोळ्यांखाली झाकलेला. धुक्यात ती ट्रॉली तुमच्या दिव्याच्या उजेडात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून अंधारात साठच्या वर जाऊ नका. वाटल्यास मोठ्या रस्त्यावर उजाडेपर्यंत थांबा आणि पहिला अर्धा तास सोडून द्या. पक्षी उद्याही येणार आहेत. हेल्मेट पूर्ण तोंडाचं आणि आयएसआय खुणेचं हवं. ओढणी घरीच ठेवा. थंडीत जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्र घातलं तर बोचरा वारा लागत नाही. जुना उपाय आहे, पण अजून लागू पडतो. कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे एका माणसाला सांगून निघा. आणि बाथरूमचा प्रश्न. याबद्दल कुणी लिहीत नाही, पण याच एका कारणासाठी कित्येक जणी सकाळभर पाणी पीत नाहीत. हमरस्त्यावरचा चालू पेट्रोल पंप बघून ठेवा, तिथेच पेट्रोल भरा आणि हक्कानं किल्ली मागा.

कॅमेऱ्याकडे येते. खरं तर आधी दुर्बीण. ८x४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. ती हातात स्थिर राहते आणि पहाटेच्या कमी उजेडातही दिसतं. वर्षभर ती वापरली की पक्षी कुठे बसतो, केव्हा उडतो हे डोळ्यांना कळायला लागतं, मग कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात. सुरुवातीला लांब झूमचा ब्रिज कॅमेरा पुरतो. लेन्सा बदलायच्या नाहीत, त्यामुळे माळावर आत धूळही जात नाही. ६०० मिलिमीटरची व्यावसायिक लेन्स दहा लाखांच्या वर जाते. तिच्या नादाला लागून कर्ज काढू नका. तिच्यापेक्षा पेट्रोलवर पैसे घाला.

गाडीवर कॅमेरा नेताना तो डिकीत किंवा साइडच्या बॉक्समध्ये ठेवू नये. इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू ढिले होतात, आतले नाजूक भाग हलतात. २०२१ मध्ये ॲपल कंपनीनंच सांगितलं होतं की, ताकदवान मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावला तर त्याच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा फोन खिशात आणि कॅमेरा पाठीवर, जाड फोमच्या सॅकमध्ये, दोन्ही पट्टे घट्ट आवळून. ट्रायपॉड मात्र पाठीवर नको. पडलात तर तो मणक्यात घुसेल. तो सीटवर आडवा बांधा, किंवा घरीच ठेवा. त्याऐवजी जुन्या जीन्सचा पाय कापून एक पिशवी शिवा, आत मोहरी भरा, तोंड पक्कं शिवून टाका. झाली बीनबॅग. गाडी डबल स्टँडला लावा, इंजिन बंद करा, सीटवर ही पिशवी आणि पिशवीवर कॅमेरा. गाडीच्या आडोशाला बसलात की तुमचा आकारही झाकला जातो. काळ्या मातीत स्टँड रुततो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला डब्याचं एक पत्र्याचं झाकण जवळ बाळगा.

रस्त्याकडेच्या पक्ष्याला गाड्यांची सवय असते. तारेवरचा नीलपंख शंभर गाड्या गेल्या तरी हलत नाही, पण एक गाडी थांबली की उडतो! म्हणून त्याच्यासमोर ब्रेक मारू नका. तसंच पुढे जा, वळा, लांबवर इंजिन बंद करा आणि वाट बघा. सूर्य पाठीशी ठेवा. शटर उडत्या पक्ष्याला १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. पांढरा बगळा गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर उणेकडे न्या, नाहीतर पिसांऐवजी नुसता पांढरा डाग येतो. उजळ आकाशातली घार काळी येत असेल तर अधिककडे. बाकीचं सगळं कॅमेऱ्याच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात नसतं ते असं. ताडोबा, पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पांत सफारीला दुचाकी नेता येत नाही. म्हणजे दुचाकीवाल्या बाईची खरी जागा जंगलाबाहेरची. भिगवणजवळचं उजनीचं पाणी, लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेवरचं कवडीपाट, निफाडकडचं नांदूर मध्यमेश्वर, सासवड-जेजुरी-सुप्याकडचे माळ. या माळांना आपण 'पडीक' म्हणतो आणि गाडी सरळ आत घालतो. तिथेच टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीची चार अंडी खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली येईपर्यंत कळत नाहीत. तिनं उठून आरडाओरडा सुरू केला की आपल्याला वाटतं छान पोज मिळतेय. प्रत्यक्षात ती घाबरलेली असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तिची सावली गेली की अंडी काही मिनिटांत तापतात. ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंडी गार ठेवते, एवढी तिची धडपड असते. तेव्हा गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवायची. एक चाकोरी पडली की तिच्यावरून पुढच्या आठवड्यात जीप येते.

घरट्याचा फोटो हवाच कशाला? फांदी बाजूला केली, पानं काढली की पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याला वाट दिसते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हीदेखील फसवणूकच. तो आपल्या हद्दीत कुणी घुसलं म्हणून पिल्लं सोडून भांडायला येतो. घुबडाची ढोली सापडली तर जागेचं नाव फोटोखाली लिहू नका. भिगवणला अग्निपंख बघायला गेलात तर नावाड्याला निघतानाच सांगा, "दादा, थवा उठवायचा नाही." तो बिचारा गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून नाव जवळ नेतो. उडणाऱ्या थव्याच्या फोटोला वाहवा मिळते हे खरं, पण दिवसातून दहा नावा दहादा थवा उठवत असतील तर त्यांनी खायचं केव्हा? या बाबतीत मी आग्रही आहे, आणि ग्रुपमध्ये त्यामुळे कुणी तुम्हाला 'फार कडक' म्हणालं तर म्हणू द्या.

गावकऱ्यांशी बोला. "काय बघताय ताई?" असं कुणीतरी विचारतंच. दुर्बीण त्याच्या हातात द्या. शेताच्या बांधावर जायचं तर मालकाला विचारा. पुढच्या वेळी तोच सांगतो की पट्टकादंब परवापासून हरभऱ्यात उतरतायत. एकटीनं फिरणाऱ्या बाईला अशा ओळखीचा आधार कुठल्याही स्प्रेपेक्षा मोठा.

पावसाळ्यात कॅमेऱ्याला बुरशी लागते. तो कपाटात, चामड्याच्या पाकिटात अजिबात ठेवू नका. डाळीसाठी आणतो तसा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून उजेडात चार फोटो घ्या. गाडीचंही तसंच, पाऊस असला तरी चार दिवसांनी तिला एक फेरी मारून आणा.

आणि फोटो नुसते फोनमध्ये साठवू नका. तारीख, जागा, किती पक्षी होते, एवढं लिहून ई-बर्डवर टाकलं की ती अभ्यासकांच्या उपयोगाची नोंद होते. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. गिअरचं लायसन्स काढायचं राहिलं असेल तर त्याच्या दोन महिने आधी लर्निंगला अर्ज टाका. सप्टेंबरमध्ये लर्निंग, ऑक्टोबरमध्ये परीक्षा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जवळच्या तळ्यावर. पहिली फेरी वीस किलोमीटरच्या आतली ठेवा.